पुण्याच्या एएफएमसीत मुलाखतीला जाताना: गोव्यातील विद्यार्थी व पालकांसाठी

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घेण्यासाठी मुलाखत द्यावी लागत नाही. ‘नीट’चे गुण, रहिवासी दाखला आणि पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेशफेऱ्या यांवर सारे ठरते, आणि त्यामुळे आपल्या मुलांवर बारावीपर्यंत अनोळखी माणसांसमोर बसून स्वतःविषयी चार वाक्ये बोलण्याची वेळच येत नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजेच एएफएमसीचे, बोलावणे आले की ही सवय नसल्याचे जाणवू लागते. ‘नीट’चे गुण तेथेही मोजले जातात, परंतु त्यांच्या जोडीला संगणकावरील एक चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, ५० गुणांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. बोलावणे आपोआप येत नाही. केंद्रीय समुपदेशनाच्या, म्हणजे एमसीसीच्या, संकेतस्थळावर नोंदणी करून तेथे एएफएमसीची निवड नोंदवावी लागते, आणि राज्याच्या अर्जातच हे होत असेल अशा समजुतीत दरवर्षी काही मुले मागे राहतात.

तयारीला लागण्यापूर्वी घरात एक गोष्ट स्वच्छपणे बोलून घ्यावी. या महाविद्यालयातील शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि त्या बदल्यात उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून रुजू व्हावे लागते. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास बंधपत्राची मोठी रक्कम भरावी लागते. ‘फी नाही म्हणून जाऊया’ एवढाच विचार घेऊन गेलेला मुलगा मुलाखतीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो, आणि न पडला तरी पुढची वर्षे त्याची त्यालाच काढायची असतात.

कागदपत्रांच्या बाबतीत गोमंतकीयांची एक खास अडचण असते. आजोबांच्या जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाचे, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात वेगळे आणि मुलाच्या आधार कार्डावर तिसरेच, अशी एकाच आडनावाची रोमन अक्षरांतील तीन रूपे पुष्कळ घरांत सापडतात. जन्मदाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड आणि ‘नीट’चे प्रवेशपत्र ही चार कागदे टेबलावर शेजारी शेजारी मांडून नावातील एकेक अक्षर ताडून पाहावे. फरक आढळल्यास बोलावण्याची वाट न पाहता वकिलाचा सल्ला घ्यावा. किरकोळ फरकाला प्रतिज्ञापत्र पुरते, परंतु नाव खरोखरच बदलायचे असल्यास गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्या प्रक्रियेला वेळ लागतो. पर्वरीच्या फेऱ्यांच्या आणि पुण्याच्या तारखाही एकाच कागदावर लिहून ठेवाव्यात. मूळ कागदपत्रे कोठेही जमा केली असतील तर त्यांची पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नये.

हे सारे ऐन पावसाळ्यात येते, आणि आपल्याकडचा पावसाळा वस्तूंना सोडत नाही. माझ्या भाच्याचे काळे बूट मार्चमधील निरोप समारंभानंतर कपाटात गेले होते. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही ते बाहेर काढले, तेव्हा टाचेपासून चवड्यापर्यंत पांढरी बुरशी चढलेली होती आणि एका बुटाचा तळ बोटाने उचलला जात होता. बूट आठवडाभर आधी काढून घालून पाहावेत, सदरा-पँट इस्त्री करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि कागदपत्रांच्या फाइलला दुहेरी वेष्टन घालावे. कोट हवाच असे नाही; नीट बसणारा फिकट सदरा पुरतो.

प्रवासासाठी वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस सोयीची आहे. ती दुपारी मडगाव सोडते, दूधसागर, बेळगाव, मिरज या मार्गाने जाते आणि पहाटे पुण्याला पोहोचते. मुलाखतीच्या दिवशी त्या पहाटे उतरून थेट महाविद्यालयात जाण्याचा विचार मात्र करू नये, कारण घाटात दरड कोसळली की वेळापत्रकाला अर्थ उरत नाही. एक दिवस आधी पोहोचून कॅम्प किंवा वानवडी भागात राहावे. महाविद्यालय तेथून जवळ आहे. तारीख चवथीच्या आसपास येत असेल तर तिकिटाची व्यवस्था बोलावणे हाती पडताच करावी.

आता मुलाखतीविषयी. भाच्याने ‘सैन्यात का जायचे आहे?’ या प्रश्नाचे दीड पानी इंग्रजी उत्तर पाठ केले होते. आमच्या शेजारी निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना मी एका संध्याकाळी सोप्यावर बोलावले आणि मुलाला समोर बसवले. त्यांनी ते उत्तर शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बाबू, तुझ्या गावच्या उपकेंद्रात डॉक्टर कोणत्या वारी येतो?” मुलगा गप्प. “मग गावातल्या म्हातारीला रात्री ताप आला तर तिला कुठे नेतात? कोणाच्या गाडीतून?” तेही सांगता आले नाही. सुभेदारकाकांनी दुसऱ्या दिवशी त्याला उपकेंद्रात पाठवले आणि तेथील परिचारिकेशी बोलून यायला सांगितले. माझ्या मते त्याची खरी तयारी त्या अर्ध्या तासात झाली.

मुलाखत घेणाऱ्यांना सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून वैद्यकशास्त्र ऐकायचे नसते. तो आपल्या भोवतालाकडे डोळे उघडे ठेवून पाहतो का, हे त्यांना हवे असते. गोव्याचे नाव ऐकल्यावर समुद्रकिनाऱ्यांविषयी प्रश्न येईल, आणि त्यात वावगे काही नाही. पण पुढे सांगण्यासारखे आपल्यापाशी पुष्कळ असावे. पणजीत १८४२ साली सुरू झालेली वैद्यकीय शाळा, जिच्यातून पुढे आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. डिसेंबर १९६१ मधील ऑपरेशन विजय. दाबोळीचा नौदलाचा तळ. सत्तरीत २०१५-१६ च्या सुमारास पसरलेला माकडताप, हे विषय आपल्या दारातले आहेत. माकडताप गोचिडीच्या चाव्यातून होतो, रानात माकडे मरू लागणे ही त्याची पहिली सूचना असते, आणि तो कोरड्या महिन्यांत, नेमक्या काजूच्या हंगामात, बागायतीत जाणाऱ्यांना गाठतो. काजूच्या बागायतीत वाढलेल्या मुलीने हे स्वतःच्या शब्दांत सांगितले तर त्याला वजन येते. तेच पाठ करून सांगितले तर वृत्तपत्रातील कात्रण वाचल्यासारखे वाटते.

उत्तरे इंग्रजीत द्यावी लागतील हे गृहीत धरावे आणि आठवडाभर रोज पंधरा मिनिटे घरातील कोणाशी तरी इंग्रजीत साधे बोलावे. उच्चार मडगावचा असो की पेडण्याचा, त्याने बिघडत नाही. वाक्य पूर्ण होणे महत्त्वाचे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावा, उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून थांबावे. अर्जात लिहिलेला प्रत्येक छंद हा आपणच मागवलेला प्रश्न असतो. ‘संगीत’ लिहिले असेल तर निदान एका रागाचे आरोह-अवरोह सांगता आले पाहिजेत.

संगणकावरील चाचणी इंग्रजी भाषा, आकलन आणि तर्क यांवर असते. त्यात ३० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. घड्याळ लावून सराव करावा, एवढे पुरे. मानसशास्त्रीय चाचणीसाठी तयार उत्तरे मिळतात, ती घेऊ नयेत.

वैद्यकीय तपासणीकडे मुले शेवटी पाहतात, खरे तर ती पहिली गोष्ट असावी. महिनाभर आधी नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टी व रंगांची ओळख तपासून घ्यावी, कानातील मळ डॉक्टरांकडून काढून घ्यावा, कारण पडदाच दिसला नाही तर तपासणार काय, आणि दातांची कामे उरकावीत. वजन जास्त असल्यास आठ दिवस उपाशी राहून काही साधत नाही. ही तपासणी आणि कागदपत्रांची पडताळणी एका दिवसात आटोपेल याचा भरवसा नसतो, म्हणून परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे काढू नये आणि पिशवीत एक जास्तीचा सदरा ठेवावा.