चकचकीत म्हणजे नेमकं कसं? फिनिशचं वर्णन लिहिताना या चुका टाळा

ऑर्डरच्या कागदावर ‘फिनिश’ नावाचा एक रकाना असतो. लांबी-रुंदी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत भरणारी माणसं त्या रकान्यापाशी आली की ‘छान चकचकीत’ लिहून मोकळी होतात. मग माल येतो, वाद पेटतो, आणि तो मिटवायला आमच्यासारख्या तपासणीवाल्यांना बोलावणं येतं. घोळ दरवेळी तेच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्या चमकेला एकच शब्द

ही माझी सर्वात नावडती चूक. आर. एस. हंटर या संशोधकाने १९३७ मध्येच चकाकीचे सहा वेगवेगळे प्रकार मांडले होते. उजेड किती जोरात परततो हा एक. प्रतिबिंब किती रेखीव दिसतं हा वेगळा. त्याभोवती दुधट पडदा येतो का, हा आणखी वेगळा. एखादा पृष्ठभाग पहिल्यात अव्वल आणि दुसऱ्यात नापास असू शकतो. आपण मात्र सगळ्यांवर ‘ग्लॉसी’चा शिक्का मारतो.

एका लिफ्टच्या आतल्या भिंतींसाठी स्टेनलेस स्टीलचे पत्रे मागवले होते. कागदावर शब्द होते : ‘चकचकीत, मिररसारखा’. पुरवठादाराने बीए फिनिशचा पत्रा पाठवला. बीए म्हणजे ब्राइट अनील्ड. थंड लाटलेला पत्रा ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत तापवतात, त्यामुळे त्यावर काळपट थर धरत नाही आणि रोलरने दिलेली चमक टिकते. त्याला कुणी घासत नाही, बफ लावत नाही. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर होता नंबर ८, म्हणजे खरा मिरर : बारीक, त्याहून बारीक अशा अपघर्षकांनी घासत न्यायचं आणि रेघा पुसल्या जाईपर्यंत बफ मारायचा.

तपासणीच्या दिवशी पुरवठादाराने पत्र्यावर टॉर्च मारला. “हे बघा साहेब, डोळे दिपतात!” ग्राहकाचा माणूस पत्र्यासमोर तोंड नेऊन म्हणाला, “माझ्या मिशा मला दिसत नाहीत, याला तुम्ही मिरर म्हणता?” दोघंही खरं बोलत होते, ही त्यातली गंमत. उजेड भरपूर परतत होता, पण चेहऱ्यावर धूसर साय. तोवर पत्रे वाकवून, बटणांची भोकं पाडून झालेले. आता बफ मारून आरसा करावा तर बफ कोपऱ्यांत शिरत नाही. शेवटी नवे पत्रे आले आणि खर्च दोघांनी कुरकुरत वाटून घेतला. हे सगळं त्या ‘सारखा’पायी. एक तर ‘नंबर ८’ लिहा, नाहीतर ‘बीए’ लिहा. ‘सारखा’ला तपासणीत काही किंमत नाही.

माझी सवय सांगतो. छापील मजकुराचा कागद पृष्ठभागावर काटकोनात उभा धरतो आणि प्रतिबिंबात किती उंचीपर्यंतची अक्षरं वाचता येतात ते लिहून ठेवतो. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघतो. तिची कड धारदार दिसते का? कडेला धुरकट वलय आहे का? की कड सरळ न जाता नागमोडी होते? ती नागमोडी झाली तर तो ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा उंचसखलपणा. स्प्रे केलेल्या रंगाचा हा नेहमीचा आजार, आणि तो असतानाही ग्लॉसमीटरवर, म्हणजे चमक मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा उत्तम येऊ शकतो. ही पाहणी करायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. तरी नव्या मंडळींना तेवढा धीर नसतो. त्यांना कॅटलॉगमधलं विशेषण उचलून चिकटवायचं असतं.

हाताला गुळगुळीत म्हणून डोळ्याला चकचकीत

बोट आणि उजेड यांची मोजपट्टी एक नाही. दृश्य उजेडाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर. खडबडीतपणा त्या मापाच्या आसपास आला तरी उजेड विखुरतो, बोटाला मात्र पत्ता लागत नाही. ॲसिडने खरवडलेली काच हाताला रेशमी लागते आणि दिसते धुरकट, ती यामुळेच. म्हणून ड्रॉइंगवर फक्त आरए (Ra, खडबडीतपणाचं सरासरी माप) लिहून ‘चमक आलीच पाहिजे’ असा आग्रह धरणाऱ्यांशी माझं पटत नाही. आरए ही सरासरी आहे. काचेचे बारीक मणी जोरात मारून खरबरीत केलेला पत्रा आणि एका दिशेने घासलेला पत्रा यांचा आरए सारखा येऊ शकतो, पण शेजारी ठेवले तर एकाच जातीचे वाटणार नाहीत. खडबडीतपणा हवा तर आरए लिहा, आणि चमक हवी तर ती वेगळी लिहा.

कोन न लिहिता आकडा

‘३० टक्के ग्लॉस’. कशाच्या ३० टक्के? ग्लॉस युनिटमध्ये १०० म्हणजे १.५६७ अपवर्तनांकाच्या पॉलिश केलेल्या काळ्या काचेची चमक. म्हणून चांगल्या आरशाचा आकडा ६० अंशांना, म्हणजे पृष्ठभागाच्या लंबापासून ६० अंशांनी उजेड टाकून मोजल्यावर, १०००च्या घरात जातो, आणि तो पाहून कुणी मीटर बिघडला म्हणत दुरुस्तीला पाठवू नये. आधी ६० अंशांवर मोजायचं. ७०च्या वर गेलं तर २० अंशांवर, १०च्या खाली आलं तर ८५ अंशांवर. आकड्याशेजारी कोन नसेल तर तो आकडा मी खोडतो.

रंगाच्या डब्यावरच्या नावांवर विसंबणंही तितकंच वाईट. एका कंपनीचं सॅटिन दुसरीकडे सेमीग्लॉस म्हणून खपतं. मास्टर पेंटर्स इन्स्टिट्यूट या रंगकामाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पायऱ्यांत, ६० अंशांवर, सॅटिन २० ते ३५, सेमीग्लॉस ३५ ते ७० आणि ग्लॉस ७० ते ८५. नाव लिहायचंच असेल तर शेजारी असा पट्टा द्या.

‘मॅट मागितला, तरी चमकतो’

ही तक्रार बहुधा लांब बोळातून येते. खिडकी टोकाला, बघणारा दुसऱ्या टोकाला, म्हणजे नजर भिंतीला जवळजवळ समांतर. अशा तिरक्या नजरेला खडबडीत पृष्ठभागही गुळगुळीत वाटू लागतो आणि मॅट भिंत लकाकते. याला शीन म्हणतात. ६० अंशांचा आकडा इथे काहीच सांगत नाही, ८५चा मागा.

पण सगळा दोष शब्दांवर ढकलू नका. भिंतीवर चमकदार डाग पडले असतील तर आधी डबा बघा. मॅटपणा आणणारी सिलिका तळाशी बसते. न ढवळता वरवरचा रंग काढला की सुरुवातीचे हात चकाकतात आणि शेवटचे मळकट दिसतात. तळापर्यंत काठी घालून ढवळायचं, झाकण उघडून दोन गिरक्या मारायच्या नाहीत. ‘वेळ नव्हता’ म्हणणाऱ्याला पुढे अख्खी भिंत पुन्हा रंगवायला वेळ मिळतोच.

किरकोळ, पण रोजच्या

‘मेटॅलिक’ म्हणजे चकचकीत नव्हे. ते रंगातल्या ॲल्युमिनियमच्या कणांचं वर्णन आहे, आणि वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मॅट असू शकतो.

मोतिया झाक अभ्रकावरच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरातून येते. तिला मेटॅलिक म्हणू नका.

मीटरवर सारखाच आकडा असला तरी काळा रंग पांढऱ्यापेक्षा जास्त चकाकतो असं वाटतं. नमुना ज्या रंगाचा माल, त्याच रंगाचा घ्या.

‘क्रोम’ लिहून थांबू नका, ब्राइट की सॅटिन ते सांगा. शोभेच्या क्रोमचा थर मायक्रोमीटरचा अंशभर असतो, त्यामुळे खालचं निकेल जसं, तसंच वरचं दिसणार.

‘अल्ट्रा प्रीमियम हाय ग्लॉस’मधले पहिले दोन शब्द खोडा.

फोटो पाठवून ‘अस्संच हवं’ म्हणू नका. फोटोत दिव्याची चमक असते. सह्या केलेले नमुन्याचे दोन तुकडे ठेवा, एक तुमच्याकडे, एक करणाऱ्याकडे.

रेघांची दिशा

नंबर ४ किंवा हेअरलाइन, म्हणजे एकाच दिशेने बारीक रेघा ओढलेला स्टीलचा पत्रा, मागवताना रेघा उभ्या की आडव्या हे हमखास राहून जातं. एकाच पत्र्यातून कापलेले दोन तुकडे, एक उभा आणि एक आडवा, शेजारी लावले तर एक उजळ दिसतो आणि एक गडद. ग्राहक म्हणतो, माल वेगळा आला. मी प्रत्येक तुकड्याच्या मागे, कापण्याआधीच, मार्करने बाण काढायला लावतो, आणि ड्रॉइंगवरही तसाच बाण. पुढच्या बाजूची संरक्षक फिल्म बसवताना निघून जाते, म्हणून तिच्यावर काढलेला बाण मी धरत नाही.