घासकामाला बसण्याआधी: धुळीच्या मास्कची तयारी

सुतारकामातला जो भुसा डोळ्यांना दिसतो, त्याची फार काळजी करू नका. रंध्याचे छिलके खाली पडतात, करवतीचा जाडसर भुसा पायाशी साचतो, झाडून गोणीत भरला की विषय संपला. छातीत जाते ती सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, फिरवल्यावर उडणारी मैद्यासारखी पूड. उन्हाची तिरीप आत आली तर ती तरंगताना दिसते, एरवी दिसतही नाही, आणि मशीन बंद केल्यावरही बराच वेळ हवेतच असते. म्हणून ही सगळी तयारी मुख्यतः घासकाम, राऊटर (खाचा आणि कडा कोरायचं मशीन) आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कापणं यांच्यासाठी आहे. नुसता हातरंधा आणि पटाशी चालवायची असेल तर मी मास्क लावत नाही, खिडकी उघडी ठेवतो.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणारे कारागीर प्रत्येक साईटवर भेटतात. इंग्लंडमधलं हाय वायकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एरवी दुर्मीळ असलेला कर्करोग वारंवार दिसतो, हे १९६०च्या दशकात एस्मे हॅडफील्ड या कान-नाक-घसा सर्जनच्या लक्षात आलं. पुढे १९९५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. साग आणि शिसव यांच्या धुळीने काहींना खाज सुटते, दम लागतो, ते वेगळंच.

खरेदीपासून सुरुवात करू. तोंडाला बांधलेला रुमाल, गमछा किंवा दवाखान्यातला निळा मास्क या धुळीला उपयोगाचा नाही. हवा कडेने आत येते आणि धूळ तिच्यासोबत. कधीतरी एखादं टेबल घासणार असाल तर एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क पुरे. एन९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, गाळायला सगळ्यात अवघड असलेले कण किमान ९५ टक्के अडवणारा. एफएफपी२चं प्रमाण ९४ टक्के. आपल्याकडच्या एफएफपी मास्कवर आयएस ९४७३ हा मानक क्रमांक छापलेला आहे का, ते पाहून घ्या. कानात अडकवायच्या दोऱ्यांचा घेऊ नका, डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा काम होत असेल तर सरळ रबरी किंवा सिलिकॉनचा हाफ मास्क (नाक-तोंड झाकणारा, फिल्टर बदलता येणारा) आणि त्याला पी१०० किंवा पी३ या सगळ्यात वरच्या दर्जाचे धुळीचे फिल्टर घ्या. पहिल्यांदा खिसा हलका होतो, पण रोज एक मास्क फेकण्यापेक्षा तो स्वस्त पडतो आणि चेहऱ्यावर जास्त नीट बसतो. हे मास्क लहान, मध्यम, मोठ्या मापात मिळतात, म्हणून दुकानात जाऊन लावून बघा. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण फिल्टरमधून श्वास ओढायला जोर लागतो.

धुळीचा फिल्टर वाफ अडवत नाही, हेही खरेदीच्या वेळीच डोक्यात असू द्या. मेलामाईन किंवा पीयू पॉलिश मारणार असाल, थिनर उघडणार असाल, तर सेंद्रिय वाफेची वेगळी कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) लागते. ती पाकिटातून काढल्यापासूनच झिजायला लागते, त्यामुळे पॉलिशच्या दिवशीच फोडा.

आता बसवणं. माझा सगळा भर यावर आहे, कारण महागडा फिल्टर घेऊनही कडेला फट राहिली तर हवा त्या फटीतूनच येणार. दाढी असेल तर हा मास्क बसणार नाही. दोन दिवसांचे खुंटही चालत नाहीत, कडेखाली बारीक वाटा राहतात. घासकामाच्या दिवशी सकाळी दाढी करा. मिशी कडेच्या आत मावत असेल तर राहू द्या. दाढी ठेवायचीच असेल तर पंख्याने हवा ढकलणारा, डोक्यावरून घ्यायचा सैल हूड मिळतो, तो बघा. त्याची किंमत मात्र ऐकवत नाही.

एन९५ लावताना खालची पट्टी कानांच्या खाली मानेवर आणि वरची डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर घ्या, दोन्हींची फुली करू नका. नाकावरची पत्र्याची पट्टी बहुतेक जण चिमटीने दाबतात. तिने मधोमध टोकदार घडी पडते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना बोगदे तयार होतात. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं मधे ठेवून बाहेरच्या दिशेने, गालाच्या हाडापर्यंत दाबत न्या. चष्म्यावर वाफ धरत असेल तर ती पट्टी बसलेली नाही असं समजा. काच पुसण्याआधी पट्टी पुन्हा दाबा.

हाफ मास्कची तपासणी करायला फार वेळ लागत नाही. दोन्ही फिल्टरवर तळवे ठेवून हळूच श्वास आत ओढा: मास्क चेहऱ्याकडे खेचला जाऊन तसाच राहिला पाहिजे. मग पुढच्या श्वास सोडायच्या व्हॉल्व्हवर तळवा ठेवून हळूच फुंका: मास्क किंचित फुगावा, कडेने वारा लागू नये. वारा लागला तर पट्टे आवळत बसण्यापेक्षा मास्क काढून पुन्हा लावा. फार आवळलेला मास्क नाकाच्या हाडावरून उचलला जातो. ही तपासणी मास्क लावाल तितक्या वेळा करायची, चहानंतरसुद्धा.

चहा, फोन आणि तंबाखू, मास्क उतरतो तो या तिघांपायी. फोन आला की मास्क हनुवटीखाली ओढला जातो, तिथल्या घामावरची धूळ आतल्या बाजूला लागते, आणि बोलून झालं की तीच तोंडावर येते. तंबाखू मळणाऱ्याला तर दर थोड्या वेळाने थुंकायला मास्क काढावाच लागतो. म्हणून काम सुरू करण्याआधीच फोन बाहेर ठेवा, पाणी पिऊन घ्या, आणि सुट्टी घ्यायची तर खोलीबाहेर जाऊन मास्क पूर्ण काढा.

खोलीचीही तयारी लागते. सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडता येत असेल तर आधी ती जोडा. जी धूळ उडालीच नाही ती गाळावी लागत नाही. फ्लॅटमध्ये कपाटांचं काम असेल तर शेजारच्या खोलीचं दार लावून खालच्या फटीत ओलं फडकं कोंबा. एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडयुक्त चीक असतो आणि त्याचा वायू साध्या धुळीच्या फिल्टरमधून आरपार जातो, त्यामुळे त्या कामाला खिडक्या उघड्याच हव्यात. जुन्या वाड्याचे रंगवलेले दरवाजे घासायला घेतले असतील तर जास्त जपा. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. तिथे पी१००च वापरा, पृष्ठभाग ओला करून घासा, लहान मुलांना घराबाहेर पाठवा आणि ते कपडे वेगळे धुवा.

काम संपल्यावर मास्क सगळ्यात शेवटी उतरवायचा. झाडताना धूळ पुन्हा उठते, म्हणून आधी व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं, मग बाहेर जाऊन कपडे पुसणं, मग हात धुणं, आणि त्यानंतर मागच्या पट्ट्यांना धरून मास्क. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ उडवायची सवय असेल तर सोडा. फिल्टरवर ती हवा कधीच मारू नका, आणि फिल्टर धुऊही नका. बऱ्याच फिल्टरचे धागे स्थिर विजेच्या भाराने कण ओढून धरतात, धुण्याने तो गुण कमी होऊ शकतो. श्वास ओढायला जड वाटू लागलं, फिल्टर भिजला, फाटला किंवा दबला, की तो बदलायचा. एन९५ घामाने ओला झाला की तो कामातून गेला.

रबरी मास्क मात्र धुवायचाच. फिल्टर काढून ठेवा, कोमट पाण्यात साध्या साबणाने मऊ ब्रशने धुवा. थिनर लावलात तर रबर खराब होईल. पुढच्या व्हॉल्व्हचं झाकण उघडलं की आत पातळ रबराची चकती दिसते. तिच्या कडेखाली भुश्याचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही आणि प्रत्येक श्वासाला तिथून धूळ आत येते. चकती बोटाने उचलून खाली पुसा, कड वळलेली किंवा चिरलेली आहे का पाहा. फिल्टरच्या मागेही अशाच दोन चकत्या असतात, त्या हमखास विसरल्या जातात. सावलीत वाळवा, पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर ठेवा, ओलसर बंद केलात तर बुरशी धरेल.

वाळलेला मास्क खिळ्याला टांगू नका. पट्टे ताणतात, आणि वाटी उघडी राहून गाळ्यातली धूळ रात्रभर आतच बसते. घट्ट झाकणाच्या डब्यात, वर काही वजन न ठेवता, आकार दबणार नाही असा ठेवा. फिल्टर बसवल्याची तारीख त्याच्या कडेवर मार्करने लिहा. व्हॉल्व्हच्या चकत्यांचा सुटा संच मास्कसोबतच मागवा, नंतर एकटा मागवला तर संचापेक्षा कुरिअर महाग पडतं.