सायकलवर कन्याकुमारी गाठून संस्थेसाठी पैसे कसे उभे करायचे (साताऱ्याकडून निघणाऱ्यांसाठी)

देणगी गोळा करायला सायकलवर देशाच्या टोकाला जायचंय म्हणून जो कोणी भेटतो तो आधी सायकलचंच विचारतो. कोणती घेऊ, गिअर किती हवेत, दिवसाला किती किलोमीटर पडतात. पैशाचं काय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ते होईल हो, एकदा निघालो की लोक देतातच, व्हायरल होतं." होत नाही. आणि इंटरनेटवर याच प्रकारचे सल्ले भरपूर पडलेत, पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) कोणते घ्यावेत यावर पंधरा पानं आणि पैसे कसे मागावेत यावर एक ओळ. यवतेश्वरचा घाट न थांबता चढणारा माणूस नीट सराव केला तर कन्याकुमारीला पोचतोच, त्यात मोठं काही नाही. पैसे मागणं मात्र कोणी शिकवत नाही, म्हणून इथे सायकलचं थोडक्यात आणि पैशाचं सविस्तर लिहितोय.

१. सायकल आणि सराव

मागे कॅरिअर बसणारी कुठलीही दणकट सायकल चालेल, टायर ३२ एमएमच्या खाली नको, आणि सगळ्यात हलका गिअर सामानासकट घाट चढेल एवढा हलका पाहिजे. ट्यूबचा वॉल (हवा भरायचं तोंड) मोटारसायकलसारखा जाड असेल तर हायवेवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते, बारीक वॉल असेल तर अडॅप्टर जवळ ठेवा, एक हरवतोच म्हणून दोन ठेवा. सराव म्हणजे सातारा ते कास आणि परत, मग तेच सामान लादून, मग लागोपाठ तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी सीटवर बसवत असेल तर तयारी झाली.

२. रस्ता आणि महिना

साताऱ्याहून महामार्ग ४८ धरायचा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत बेंगळुरू, तिथून ४४ ने होसूर, कृष्णगिरी, सेलम, करूर, मदुराई, तिरुनेलवेली आणि कन्याकुमारी. साधारण चौदाशे किलोमीटर. सांगलीकरांना अंतर थोडं कमीच पडतं. श्रीनगरपासून सुरुवात केली तर साडेतीन हजारांच्या वर जातं, पण पहिल्याच वेळी तो हट्ट धरू नका. देणगी देणारा तुमचे किलोमीटर मोजत नाही, तो तुम्हाला ओळखतो म्हणून देतो, आणि अंतर अडीचपट केलं म्हणून रक्कम अडीचपट होत नाही, फक्त रजा आणि खर्च होतो.

जानेवारी-फेब्रुवारीत निघा. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत परतीचा पाऊस असतो. दोन ठिकाणी सांभाळा. धर्मपुरीच्या पुढे थोप्पूरचा घाट दक्षिणेकडे जाताना उतार आहे आणि तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकचे अपघात होत आलेत, त्यामुळे एकदम डावीकडून, ब्रेक दाबत सोडत, दिवसाउजेडी उतरायचं. दुसरं म्हणजे कन्याकुमारीच्या अलीकडे अरल्वाइमोळीच्या खिंडीतून येणारा वारा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली ज्याने सायकल चालवलीय त्याला समजेल. त्या दिवशी अंतर निम्मं धरा.

३. पैसे

आता मुद्द्याचं. हाच टप्पा मला सगळ्यात जड गेला, कारण ओळखीच्या माणसासमोर बसून "मला पैसे द्या" म्हणताना जीभ अडखळते, आणि ती अडखळू नये म्हणून माणूस पोस्टर, रील, ग्रुपवरचे मेसेज यांच्या मागे लपतो. लपू नका. जे काही पैसे उभे राहतात ते घरून निघायच्या आधी, आपल्या गावात, एकेका माणसाला भेटून उभे राहतात. रस्त्यावर फारसे मिळत नाहीत. रस्त्यावर चहा मिळतो, जेवण मिळतं, झोपायला जागा मिळते, आणि ते पुष्कळ आहे, पण संस्थेच्या खात्यात त्याने काही पडत नाही.

सगळ्यात आधी संस्था पक्की करा आणि पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. थेट. तुमच्या स्वतःच्या गुगल पे वर एक रुपया घेऊ नका, "मी नंतर एकदम भरतो" हा विचारसुद्धा मनात आणू नका. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, तुमच्या खात्यात तुमचा पगार, दुधाचं बिल आणि लोकांची देणगी एकत्र आली की हिशोब तुम्हालाच लागत नाही, मग दुसऱ्याला काय दाखवणार. शिवाय स्वतःच्या नावावर धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ क, गणपती मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. नोंदणी झालेल्या ट्रस्टकडून लेखी पत्र घ्या की अमुक व्यक्ती आमच्यासाठी अमुक कामाला निधी जमवतेय, पैसे फक्त या खात्यात घेतले जातील. हे पत्र मराठी, कन्नड आणि तमिळ तिन्हीत करून घ्या, लॅमिनेट करा. संस्था पत्र द्यायला कां कू करत असेल तर दुसरी संस्था बघा.

संस्थेचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव संस्थेचंच येतं का हे स्वतः दहा रुपये पाठवून तपासा. एका ठिकाणी कोड संस्थेचा म्हणून दिला आणि स्कॅन केल्यावर नाव आलं कोणा खजिनदाराचं, तिथे मी पुढे गेलो नाही. देणाऱ्यालाही सांगा, नाव वाचा मगच पाठवा आणि नोटमध्ये "सायकल" एवढा शब्द टाका, म्हणजे संस्थेच्या क्लार्कला तुमच्यामुळे आलेले पैसे वेगळे काढता येतात. त्या क्लार्कशी चांगलं जमवून घ्या, पुढचे दोन महिने तुमचं सगळं काम त्याच्यावर आहे.

८०जी (देणगीवरची आयकर सवलत) बद्दल अर्धवट माहिती घेऊन कोणाकडे जाऊ नका, कारण व्यापारी माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. संस्थेकडे ८०जी ची मान्यता आहे का आणि तिची मुदत चालू आहे का हे कागद बघून खात्री करा. रोखीने दोन हजारांच्या वर दिलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही, म्हणजे मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच. पॅन नंबर लागतो, तो देणगी घेतानाच लिहून घ्या, नंतर फोन करून मागितला की लोक फसवणूक समजतात आणि त्यात त्यांची चूक नाही. आणि ज्याने नवी कर प्रणाली निवडलीय त्याला ही सवलत मिळत नाही, हे तोंडावर सांगा. सवलत नाही म्हणून देणगी न देणारा क्वचितच भेटतो, पण सवलत मिळेल असं ऐकून दिली आणि मग सीएने नाही म्हटलं तर तो माणूस कायमचा तुटतो.

परदेशातल्या नातेवाइकांचं वेगळं प्रकरण आहे. दुबईला नोकरीला असलेला भाचा, ज्याचा पासपोर्ट भारतीय आहे, तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या चुलत बहिणीचे पैसे परकीय देणगी ठरतात आणि संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगीचा कायदा) ची नोंदणी असेल तरच संस्थेला ते घेता येतात. नसेल तर प्रेमाने नाही म्हणा. संस्थेला अडचणीत टाकायला आपण निघालेलो नाही.

आता मागायचं कसं. "यथाशक्ती मदत करा" हे वाक्य कायमचं सोडून द्या. यथाशक्ती म्हटलं की माणूस विचारात पडतो, कमी दिले तर कसं दिसेल, जास्त कशाला द्यायचे, आणि शेवटी बघतो म्हणून उठतो. आकडा सांगा आणि त्या आकड्यात काय होतं ते सांगा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहासाठी मुष्टी फंड जमवला तेव्हा मागणी काय होती, तर मूठभर धान्य. मूठ किती हे कुठल्याही घरात समजावून सांगावं लागत नाही आणि ती नाही म्हणावी एवढी मोठीही नसते. तुमची मूठ कोणती ते संस्थेत बसून ठरवा. समजा एका मुलाच्या महिन्याच्या जेवणाला अडीच हजार लागतात, तर तो आकडा संस्थेकडून लेखी घ्या आणि मागताना तोच वापरा. "काका, मी जानेवारीत सायकलने कन्याकुमारीला चाललोय, वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी. एका मुलाचा एक महिना अडीच हजारांत होतो. तुम्ही एक महिना घ्याल का?" एवढं बोला आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, आपण घाबरून मध्येच "नाही जमलं तरी चालेल हां" म्हणून मोकळे होतो आणि समोरचा सुटतो. त्याला विचार करू द्या. नाही म्हणाला तर हसून चहा प्या, विषय बदला, परत काढू नका.

किलोमीटरला एक रुपया ही पद्धत लोकांना आवडते, चौदाशे किलोमीटरचे चौदाशे रुपये, मुलांनाही कळतं. पण पैसे आधी घ्या. "पोचल्यावर देतो" हे बोललेले पैसे निम्मे येतात असं धरून चाला, माणसं वाईट नसतात, विसरतात.

यादी करा, वहीत, हाताने. घरचे, मग ऑफिसातले, शाळेतले वर्गमित्र, मग ज्या दुकानातून वर्षानुवर्षं किराणा घेता ते, डॉक्टर, सीए, आईच्या भिशीतल्या मावशा. पहिल्या नावापुढे तुमची स्वतःची देणगी लिहा, आणि ती अशी हवी की तुम्हाला जाणवेल. तुम्ही किती दिले हे लोक विचारतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. ग्रुपवरचा मेसेज फक्त ज्यांना भेटून झालंय त्यांच्यासाठी, आठवण म्हणून. नुसत्या फॉरवर्डवर अंगठे येतात, पैसे येत नाहीत.

एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्याचा निधी) साठी जायचं असेल तर खूप आधी जा, त्यांचं बजेट ठरलेलं असतं आणि संस्थेची सीएसआर-१ ही नोंदणी लागते. ती असेल तरच वेळ घालवा.

आणि एक गोष्ट ज्यावर मी कोणाचं ऐकत नाही. प्रवासाचा खर्च देणगीतून नाही. ट्यूब, लॉज, जेवण, परतीचं तिकीट, सगळं स्वतःच्या खिशातून, किंवा "हे माझ्या प्रवासासाठी" असं स्पष्ट सांगून मित्रांकडून वेगळं घेतलेलं. लोक विचारतात की तुम्ही गेलाच नसता आणि तेच पैसे दिले असते तर? प्रश्न रास्त आहे. उत्तर एकच, प्रवासाचे पैसे माझे आहेत, त्याच्या किमान पाचपट संस्थेसाठी जमवून मगच मी निघतो. तेवढे जमले नाहीत तर तारीख पुढे ढकला. पोवई नाक्यावर फ्लेक्स, हार, नारळ, पुढाऱ्यांच्या हस्ते झेंडा, यातलं काही लागत नाही. फ्लेक्सच्या पैशात एक मूल महिनाभर जेवतं.

४. रस्त्यावर

पहाटे पाचला निघा, अकरापर्यंत अंतर संपवा, अंधारात चालवू नका. रोज संध्याकाळी एक फोटो आणि दोन ओळी टाका, सोबत संस्थेचा क्यूआर. वाटेत रोख घेऊ नका. पण एखाद्या शाळेत पोरं दहा-दहाच्या नोटा हातात देतात आणि त्यांना नाही म्हणवत नाही. त्यासाठी संस्थेकडून नंबर घातलेलं पावती पुस्तक घेऊन ठेवा, शाळेच्या नावाने एकच पावती फाडा, आणि त्याच दिवशी तेवढी रक्कम आपल्या खात्यातून संस्थेला पाठवून स्क्रीनशॉट त्या मुख्याध्यापकांना द्या.

५. परत आल्यावर

सायकल रेल्वेने आणा. तिरुनेलवेलीहून दादरला जाणारी चालुक्य एक्सप्रेस मिरजेवरून येते. पार्सल ऑफिसला वेळेच्या बऱ्याच आधी जा, पेडल काढा, हँडल वळवून बांधा, डिरेल्युअरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) पुठ्ठा लावा.

घरी आल्यावर आठ दिवसांच्या आत एका पानाचा हिशोब करा. किती जमले, कोणत्या खात्यात, संस्थेने कशावर खर्च करायचं ठरवलंय, आणि खाली संस्थेचा सही-शिक्का. चौदाशे देणाऱ्याला जो कागद जाईल तोच अकरा रुपये देणाऱ्याला. पावत्या मिळाल्या का हे प्रत्येकाला विचारा, राहिल्या असतील तर क्लार्कच्या टेबलाशी स्वतः जाऊन बसा आणि काढून घ्या. ज्यांनी बोलून दिले नाहीत त्यांना हिशोबासोबत एक फोन करा. दुसरा करू नका.