परदेशी पाहुण्यासाठी साताऱ्यात सिम घेताना

कास पठार बघायला परदेशातून कुणी तुमच्याकडे येणार असेल, तर "माझ्या आधारवर सिम काढतो, तू वापर" हा मार्ग कृपा करून धरू नका. नंबर तुमच्या नावावर राहतो, आणि पुढे त्यावरून काही भानगड झाली तर चौकशी तुमच्याच दारात येते. सिम पाहुण्याच्याच नावावर घ्या.

त्यासाठी मूळ पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. ई-व्हिसा असेल तर छापील प्रत काढून ठेवा, आणि पासपोर्टवर विमानतळाचा शिक्का आहे त्या पानाचीही झेरॉक्स घ्या. गल्लीतल्या रिचार्जवाल्याकडे हे काम सहसा होत नाही, थेट कंपनीच्या स्टोअरमध्ये जा. पाहुण्याला एकटं पाठवू नका. इथल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर विचारतात आणि ओटीपीही त्याच नंबरवर येऊ शकतो.

फोन तिकडच्या कंपनीला लॉक नाही ना, हे त्यांना निघण्याआधीच विचारा. सिम व्हिसाच्या मुदतीपुरतंच चालतं.

आणि हो, मुक्काम तुमच्या घरी असेल तर 24 तासांत परदेशी पाहुणा राहायला आल्याची नोंद देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा असतो. तो बऱ्याच घरांत राहूनच जातो.