इम्युनिटी कमी झालीये? काढा उकळायच्या आधी या चुका टाळा

माझ्या आत्याला आठ महिन्यांत तीनदा युरिन इन्फेक्शन झालं, मग कमरेला नागीण उठली, मग चप्पल चावून झालेली साधी जखम महिनाभर भरेना. घरात सगळ्यांचं एकच मत, हिची इम्युनिटी कमी झालीये. मग सकाळी गुळवेलीचा काढा, दुपारी आवळा, रात्री दोन चमचे च्यवनप्राश. चार महिने हे चाललं आणि आमच्यातल्या कुणीही, मीसुद्धा, हे विचारलं नाही की कमी झाली असेल तर ती कशामुळे झाली.

उत्तर तिच्या पिशवीतच होतं. गुडघेदुखीसाठी ती दोन वर्षं एका ठिकाणाहून कागदाच्या पुड्या आणत होती, एका पुडीत तीन सुट्या गोळ्या, ना नाव ना पाकीट. घेतली की दोन-तीन तासांत गुडघा मोकळा. चेहरा गोल झाला, गाल वर आले, तर लोक म्हणायचे तब्येत छान सुधारली. शेवटी एका फिजिशियननी तो चेहरा बघितला, हातावर जरा लागलं तरी उठणारे निळे डाग बघितले, पुडी हातात घेतली आणि सांगितलं, यात स्टेरॉइड आहे. शुगर पण प्रचंड वाढलेली निघाली, आणि ती कधीपासून वाढलीये हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्यावर आम्ही च्यवनप्राश देत होतो, ज्यात भरपूर साखर असते.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, कारण न शोधता बूस्टर सुरू करणं. शुगर सतत वाढलेली असली की पांढऱ्या पेशी आपलं काम नीट करत नाहीत, जंतूपर्यंत पोचायला आणि त्याला गिळायला कमी पडतात, त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला, म्हणून जखम भरत नाही. डायबेटीस असलेल्यांना टीबी व्हायचा धोका दोन ते तीन पट असतो तो पण यामुळेच. आता यात काढा काय करणार? शुगर खाली आणणं हीच तिथली इम्युनिटी वाढवणं.

स्टेरॉइडबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे चुका दोन्ही बाजूंनी होतात. ते सूज आणि दुखणं कमी करतं, पण प्रतिकारशक्तीही दाबतं. औषध वाईट नाही. दमा, ल्युपस (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), किडनी ट्रान्सप्लांट, यात ते जीव वाचवतं, आणि दम्याच्या पंपातला डोस इतका कमी असतो की त्याला घाबरून पंप बंद करणं हीच मोठी चूक ठरते. प्रश्न येतो तो पोटातून रोज, जास्त डोसमध्ये, कुणाच्या देखरेखीशिवाय घेतलं की. प्रेडनिसोलोन हे नेहमी दिलं जाणारं स्टेरॉइड दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा जास्त, एवढं झालं तरी डॉक्टर त्या माणसाची प्रतिकारशक्ती दबलेली आहे असं धरतात. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे म्युकरचे (काळ्या बुरशीचे) एवढे पेशंट दिसले त्यात वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी फार मोठं कारण होती, डोळा गमावलेली माणसं आपल्या ओळखीतही असतील.

आणि दुसरी बाजू म्हणजे, स्टेरॉइड आहे कळल्यावर घाबरून त्याच दिवशी सगळं फेकून देणं. असं अजिबात करू नका!! आपल्या दोन्ही किडनींवर ॲड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज शरीराला लागणारं कॉर्टिसॉल बनवतात, पण बाहेरून आयतं मिळायला लागलं की हळूहळू काम थांबवतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. डॉक्टर डोस पायरी पायरीने कमी करतात. आत्याला त्यात सात महिने लागले.

तीच गोष्ट गजकर्णाच्या क्रीमची. मेडिकलवाल्याला 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की बऱ्याचदा थ्री-इन-वन क्रीम हातात पडतं, त्यात कडक स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत जाते, पण त्या जागेच्या कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी निवांत पसरते, जांघेतून पोटावर, पाठीवर, मग घरातल्या सगळ्यांना. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल तर मनानेच लावू नका.

ज्यांच्या घरी केमो चालू आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे, ताप. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्या वेळी १००.४ फॅरनहाइट ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. 'क्रोसिन देऊ, सकाळी बघू' ही चूक फार महागात पडते, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि इन्फेक्शन रक्तात पसरत राहतं. या काळात कच्चे मोड, बाहेरची चटणी, चिरून ठेवलेली फळं नकोत, घरचा गरम वरणभात चालतो.

ट्रान्सप्लांट झालेल्यांची इम्युनिटी औषध देऊन मुद्दाम कमी ठेवलेली असते, नाहीतर शरीर नवीन किडनी नाकारेल. त्यांना प्रेमाने इम्युनिटी वाढवायचं काहीतरी आणून देणारे नातेवाईक खूप असतात, कृपा करून देऊ नका. आणि कोकणातल्या लोकांनी हे वाचाच, पपनस खाल्ल्याने टॅक्रोलिमस या ट्रान्सप्लांटनंतर घ्यायच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, त्यामुळे गणपतीत फळं आली तरी यांनी पपनसापासून लांब राहायचं. गुळवेलीबद्दलही, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण ज्यांना ल्युपस किंवा थायरॉइडचे काही आजार यांसारखा ऑटोइम्युन आजार, म्हणजे प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटलेला आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मुलांचं उलटं असतं. बालवाडीत जायला लागलेल्या पोराला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, टॉनिकवर पैसे घालवू नका. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया, वजन न वाढणं, परत परत खोल गळू होणं, हे मात्र सर्दीसारखं सोडून देऊ नका, ही जन्मजात प्रतिकारशक्तीची कमतरता असू शकते. जवळच्या नात्यात लग्न झालेलं असेल तर यातल्या काही आजारांची शक्यता वाढते. आणि आधीचं बाळ अशा इन्फेक्शनने तान्हेपणी गेलं असेल तर पुढच्या बाळाला बीसीजी द्यायच्या आधी डॉक्टरांना हे सांगाच, बीसीजी जिवंत लस आहे आणि अशा बाळाला तिचाच त्रास होऊ शकतो. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आहे, तिथे या आजारांच्या तपासण्या होतात.

एचआयव्हीची टेस्ट टाळणं ही पण चूकच, आणि ती लाजेपोटी होते. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे, रिपोर्ट गुप्त राहतो, औषधंही मोफत मिळतात, आणि वेळेत सुरू केली तर माणूस पूर्ण आयुष्य जगतो.

तर वारंवार आजारी पडत असाल तर फिजिशियनकडे जा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), एचआयव्ही, गरज वाटली तर छातीचा एक्स-रे, बहुतेक सुरुवात यानेच होते. आणि जाताना घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी उचलून न्या. पुड्या, ट्यूबा, पंप, काढ्याच्या बाटल्या, शेजारणीने दिलेल्या गोळ्या पण.