मोबाइलवर ५०० रुपये, कार्डात शून्य: बसच्या डिजिटल तिकिटातल्या या चुका टाळा

सकाळच्या वेळी नाशिकच्या निमाणी स्थानकाहून बस भरून सुटली की पंचवटी कारंजा येईपर्यंत वाहकाला मोजकीच मिनिटं मिळतात. मग रविवार कारंजा, शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक). प्रत्येक थांब्यावर चढ-उतार. डिजिटल तिकिटाची आखणी या मिनिटांवरून व्हायला हवी. ती बहुतेक वेळा किराणा दुकानाचा गल्ला डोळ्यांसमोर ठेवून होते, आणि पुढची बरीचशी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

हिशेब करून बघा. समजा ४० प्रवासी चढले. मोबाइल काढा, अ‍ॅप उघडा, कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे आल्याची खूण मशीनवर दिसेपर्यंत थांबा. माणशी २५ सेकंद धरले तरी जवळजवळ १७ मिनिटं जातात. कार्ड टेकवून ५ सेकंदांत तिकीट निघालं तर तेच काम साडेतीन मिनिटांच्या आत आटोपतं. यूपीआय ठेवाच, पण गर्दीचा भार त्याच्यावर टाकू नका. रोजच्या प्रवाशाला कार्ड घ्यायला लावा. मोबाइलच हवा असेल तर छोट्या रकमांसाठीचं यूपीआय लाइट सुचवा. त्यात १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही.

‘टॉप-अप केलंय, तरी शिल्लक नाही’

मार्च २०१९ मध्ये आलेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या शहरांच्या बस-मेट्रोसाठीच्या एकाच कार्डाबद्दल, सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. या कार्डाला दोन खिसे असतात. एक बँकेच्या सर्व्हरवर, दुसरा चिपमध्ये. बसमधलं मशीन पैसे घेतं ते चिपमधल्या खिशातून, त्यामुळे रेंज नसली तरी चालतं. अ‍ॅपवरून भरलेले पैसे मात्र आधी सर्व्हरवर जाऊन बसतात. कार्ड ऑनलाइन मशीनवर धरून बॅलन्स अपडेट केल्याशिवाय चिपला त्याचा पत्ताच नसतो. प्रवासी मोबाइलवर ५०० रुपये दाखवतो, वाहकाचं मशीन ‘अपुरी शिल्लक’ म्हणतं. खरं दोघांचंही असतं, आणि भांडण उगाच पेटतं.

यावर उपाय एकच: अपडेटची सोय बसच्या बाहेर ठेवा. निमाणी, सीबीएस, नाशिकरोड इथे, जिथे पास काढायला लोक येतातच, तिथे एक मशीन फक्त या कामाला द्या. चालत्या बसमध्ये हे करायला गेलात की रांग तुंबलीच.

चिपमध्ये २,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात, म्हणून तेवढे भरू नका. कार्ड हरवलं तर बँक खात्याचा व्यवहार बंद करू शकते, पण चिपमधले पैसे खिशातल्या नोटांसारखे असतात. गेले ते गेले. आठवड्याच्या भाड्यापुरते पुरेत. मासिक पासचंही नीट समजून घ्या. एका शहराचा पास दुसऱ्या शहराच्या बसमध्ये चालत नाही. चालतात ते चिपमधले पैसे, तेही मशीन या कार्डासाठी प्रमाणित असेल तर. २०२७च्या सिंहस्थात मुंबई-पुण्याकडची मेट्रो कार्डं घेऊन येणारे भाविक नेमका हाच प्रश्न विचारणार. वाहकांना उत्तर आत्ताच पाठ करून द्या.

कार्ड टेकवण्यातही गफलत होते. पाकिटात दोन कार्डं असली की मशीन गोंधळतं. एक तर नाकारतं, नाहीतर भलत्याच कार्डातून पैसे घेतं. कार्ड बाहेर काढून, सपाट, बीप वाजेपर्यंत धरायचं. घाईत आधीच उचललं तर चिपवरचं लिखाण अर्धवट राहू शकतं: पैसे वजा, तिकीट नाही. म्हणून मशीन ताब्यात घेताना मुद्दाम ५० वेळा कार्ड मध्येच ओढून बघा. तेच कार्ड पुन्हा टेकवल्यावर मशीनने मागचा अर्धा व्यवहार पूर्ण करायला हवा. नवीन भाडं कापलं तर मशीन परत करा. ही चाचणी कंटाळवाणी आहे, आणि नेमकी हीच टाळली जाते.

स्वस्त पडतात म्हणून बससेवेने मायफेअर क्लासिक या जुन्या चिपची स्वतःची कार्डं काढणं ही वेगळीच चूक. त्या चिपची सुरक्षा २००८ मध्येच फोडली गेली आहे.

‘पैसे गेले, तिकीट नाही’

सीटमागे चिकटवलेला कायमचा क्यूआर कोड आधी काढून टाका. रक्कम प्रवासी टाकतो, वाहकाला दिसतो फक्त त्याचा पडदा, आणि कालचा स्क्रीनशॉट दाखवणारा भेटतोच. कोड मशीनच्या पडद्यावर, त्याच तिकिटाच्या रकमेचा हवा. बँकेचा होकार मशीनला मिळाल्यावरच तिकीट छापलं जावं.

व्यवहार लटकला तर वाहकाचा हात लगेच नवा कोड काढण्याकडे जातो. तसं केलं की दोनदा पैसे कापले जातात. आधी ‘स्थिती तपासा’. तरीही अडकलं तर काय करायचं, हे वाहकावर सोडू नका. प्रवाशाच्या मोबाइलवरचा १२ अंकी संदर्भ क्रमांक मशीनमध्ये टाकून तिकीट द्यायचं की रोख घ्यायची, याचा लेखी नियम हवा. प्रवाशानेही वाहकाशी वाद घालू नये. दुकानदाराला किंवा सेवेला केलेलं यूपीआय पेमेंट असं फसलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे. तक्रार आपल्या बँकेकडे किंवा अ‍ॅपमध्ये करायची.

डेपोत भरणा जुळत नाही

गिरणारे किंवा त्र्यंबकेश्वरच्या फेरीवर रेंज गेली तर कार्डाचे व्यवहार मशीनमध्येच साठतात. रात्रीपर्यंत ते तसेच ठेवले आणि मशीन पडलं, तर त्या फेऱ्यांचं उत्पन्न बुडालं. प्रत्येक फेरीअंती अपलोड करा. सकाळी मशीन देताना चार गोष्टी बघा: घड्याळ, भाड्याच्या तक्त्याची आवृत्ती, बंद केलेल्या कार्डांची ताजी यादी, बॅटरी. घड्याळ मागे असलं तर आजच सुरू झालेला पास बाद ठरतो आणि संपलेला चालतो. तक्ता जुना राहिला तर एकाच टप्प्याला दोन बसमध्ये दोन भाडी.

राहिला मध्यरात्रीचा घोळ. शेवटची फेरी बारानंतर संपते, वेबिल (वाहकाच्या तिकीट-हिशेबाचा कागद) आदल्या दिवसाचं असतं, बँकेचा दिवस मात्र बदललेला असतो. रोजच्या एकूण रकमा जुळवत बसलात तर कधीच जुळणार नाहीत. १२ अंकी क्रमांकाने एकेक व्यवहार जुळवा; जे उरतील ते तीन दिवस ‘प्रलंबित’मध्ये ठेवा. तोपर्यंत तूट वाहकाच्या नावावर टाकू नका.