केबिनचा ट्रॅक्टर: घेण्याआधीचा एक तास, घेतल्यावरचे पन्नास तास

बावीस वर्षं मी उघडा ट्रॅक्टर चालवला. संध्याकाळी उतरल्यावर तासभर कानात गुणगुण राहायची, समोरचं माणूस काय म्हणतंय ते दोनदा विचारावं लागायचं. रोज आठ-आठ तास 85 डेसिबलच्या वरचा आवाज कानावर पडत राहिला तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं, आणि ओझ्याखाली उघडा ट्रॅक्टर सहज 90 च्या पुढे जातो. त्यामुळे केबिनला चैन म्हणणारं कुणी भेटलं की मी वाद घालते. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. केबिन घेतली की ट्रॅक्टरवर आणखी एक यंत्र चढतं. त्याला स्वतःचा कॉम्प्रेसर, पंखे, वायरिंग, काचा आणि रबर असतं. माझ्या नव्या ट्रॅक्टरची सुरुवातीची सगळी दुखणी इंजिनात नव्हती, या दुसऱ्या यंत्रात होती.

घेण्याआधी ट्रॅक्टरवर निदान एक तास बसा. पाठ सीटला पूर्ण टेकवा आणि क्लच शेवटपर्यंत दाबून बघा. माझी उंची बेताची आहे. एका मॉडेलमध्ये क्लच पूर्ण दाबायचा तर मला पुढे सरकावं लागत होतं. दिवसभरात हे शेकडो वेळा करायचं म्हटल्यावर मी तो ट्रॅक्टर तिथेच सोडला. मग मागे वळून बघा: लोअर लिंकची, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या खालच्या दांड्यांची, टोकं सीटवरून दिसतात का? ती केबिनच्या खांबाआड जात असतील तर प्रत्येक अवजार जोडताना खाली उतरावं लागेल. दोन्ही दारं उघडून चढा-उतरा. एक दार अडलं तर बाहेर पडायचा दुसरा मार्ग कोणता, ते आधी विचारून ठेवा.

एसी मोकळ्या जागेत, उन्हात, इंजिन मंद असताना लावून बघा. कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो, म्हणून मंद गतीवर गारवा कमी होणं साहजिक आहे. तो किती कमी होतो ते मात्र तिथेच कळतं. एसी इंजिनाची थोडी ताकदही खातो. लहान ट्रॅक्टरवर चढाला ते जाणवतं, म्हणून तुमचं जड अवजार ओढायला ताकद जेमतेम पुरत असेल तर एक पायरी वरचा ट्रॅक्टर बघा.

घरी येऊन टेप घ्या आणि शेडचं दार, झाडांच्या खालच्या फांद्या यांची उंची मोजा. रस्त्यावर लोंबणाऱ्या तारांना टेप लावू नका, त्यांची उंची लांबूनच अंदाजानं बघा. केबिनच्या छपरावर दिवे आणि बहुतेक वेळा कंडेन्सरही (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) असतो. कागदावरच्या उंचीत ते धरले आहेत का, ते विचारा.

फवारणी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. केबिन बंद आहे म्हणजे औषधापासून बचाव झाला, असं समजू नका. युरोपच्या ईएन 15695 या मानकात केबिनचे चार वर्ग आहेत. पहिल्यात संरक्षणाची कसलीच हमी नाही. दुसरा फक्त धूळ अडवतो, तिसरा धूळ आणि फवाऱ्याचे बारीक थेंब, आणि चौथा या दोन्हींबरोबर औषधाची वाफही. साधा कागदी फिल्टर वाफ अडवत नाही. तुमची केबिन कोणत्या वर्गात बसते ते लेखी घ्या. उत्तर मिळालं नाही तर ती पहिल्या वर्गातली धरा आणि मास्क वापरत राहा.

ट्रॅक्टर ताब्यात घेताना घाई करू नका. अवर मीटरचा, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा, फोटो काढा. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: 2325 म्हणजे 2025 सालचा तेविसावा आठवडा. हवा मोजा, कारण वाहतुकीसाठी पुष्कळदा ती जास्त भरलेली असते आणि कमी करायची राहून जाते. प्रत्येक दिवा, वायपर, ब्लोअरची प्रत्येक गती चालवून बघा. काचांवर ओरखडे दिसले तर पोचपावतीवरच लिहा आणि मग सही करा.

आता पहिले पन्नास तास. केबिनमध्ये एक वही ठेवा. या सगळ्या लेखातलं एवढंच केलंत तरी चालेल. तक्रार, मीटरचे तास, कोणतं काम चालू होतं, ऊन होतं की दमट हवा, ट्रॅक्टर सपाटीवर होता की कललेला, हे लगेच लिहा. का, ते माझ्या गुडघ्यानं मला शिकवलं.

तिसऱ्या दिवशी छपरातून उजव्या गुडघ्यावर पाणी ठिबकायला लागलं. मी ट्रॅक्टर सर्व्हिस सेंटरला दाखवायला नेला. त्यांनी अर्धा तास एसी चालवला, थेंबही पडला नाही. परत आणला, पुन्हा ठिबकलं. दुसऱ्यांदा नेला तेव्हा 'दमट हवेत असं होतं' असं सांगून परत पाठवला. त्या रात्री वही चाळताना लक्षात आलं की प्रत्येक नोंदीपुढे 'नांगरट' लिहिलेलं आहे. ट्रेलर ओढताना एकदाही ठिबकलं नव्हतं. नांगरताना उजवी चाकं नांगरानं पाडलेल्या चरात असतात आणि अख्खा ट्रॅक्टर उजवीकडे कलतो. इव्हॅपोरेटरवर (आतली हवा गार करणाऱ्या जाळीवर) जमणारं पाणी खालच्या ताटलीतून नळ्यांवाटे बाहेर जातं, आणि उजवीकडची नळी खांबाच्या आवरणामागे दुमडलेली असणार, असं मला वाटलं. सपाट फरशीवर सगळं पाणी डाव्या नळीनं निघून जायचं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा डावी चाकं फळ्यांवर चढवायला लावली, म्हणजे ट्रॅक्टर नांगरताना कलतो तसा उजवीकडे कलला. वीस मिनिटांत पाणी आलं. आवरण काढलं, दुमड सरळ केली, तक्रार संपली. आवरण मी स्वतः उघडलं नाही. वॉरंटीतल्या गोष्टीला आपण पाना लावला की पुढचं बोलणं अवघड होतं.

गारवा कमी झाला तर लगेच गॅस भरून घेऊ नका. आधी कंडेन्सर बघा. भुसा आणि धुळीनं त्याच्या पात्या बुजल्या की भर दुपारी एसी हात टेकतो. हवेच्या दाबानं साफ करा, आतून बाहेरच्या दिशेनं. पाण्याचा जोराचा फवारा पात्या वाकवतो. मग केबिनचा फिल्टर, मग कॉम्प्रेसरचा पट्टा. एवढं करूनही फरक नसेल तरच गॅसचा विचार. नव्या यंत्रात काही आठवड्यांत गॅस कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरणं ही दुरुस्ती नाही. जॉब कार्डवर 'गळती तपासली' आणि ती कुठे सापडली हे लिहून घ्या.

धूळ आत येते ही दुसरी नेहमीची तक्रार. केबिन धूळ थोपवते ती आतल्या हवेच्या दाबानं. ब्लोअर बाहेरची हवा फिल्टरमधून आत ढकलतो, दाब थोडा वाढतो, आणि फटींतून हवा बाहेरच्या दिशेनं जात राहते. गारव्यासाठी आपण आतलीच हवा फिरवत ठेवतो, तेव्हा तो दाब जातो आणि प्रत्येक फट धूळ ओढायला लागते. धुळीच्या कामात बाहेरची हवा चालू ठेवा. अवजाराची केबल मागच्या काचेतून आत घेतली असेल आणि काच बोटभर उघडी राहत असेल, तर त्या फटीपुढे कुठल्याच फिल्टरचं काही चालत नाही. केबल जायला रबराची बंद वाट आहे का, हे खरं तर घेतानाच विचारायचं.

सकाळी स्टार्टर नुसता कट-कट करतो म्हणून बॅटरीला दोष देण्याआधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना 14 च्या आसपास दिसायला हवेत. चालू असतानाही 13 च्या खाली असेल तर चार्जिंगकडे आणि पट्ट्याकडे बघा. माझ्याकडे चेसिसची अर्थिंगची वायर सैल होती. ब्लोअर, एसी आणि कामाचे दिवे लावून मंद गतीवर तास-तास उभं राहिलं तरीही बॅटरी उतरते.

बाकीची कामं कुठल्याही नव्या ट्रॅक्टरची. चाकांचे नट पहिल्या तासानंतर आणि मग दहा तासांनी पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळा, नव्या रंगामुळे ते बसतात आणि सैल होतात. इंजिन तासन्‌तास मंद ठेवू नका आणि सुरुवातीलाच पूर्ण ओझंही देऊ नका, गती बदलत राहा. हायड्रॉलिकच्या नळीला बारीक गळती वाटली तर हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाचं तेल कातडीत घुसतं आणि तसं झालं तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तातडीनं दवाखाना गाठावा लागतो. सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असेल तर तो जाळून साफ करण्याची प्रक्रिया सुरू असताना इंजिन मध्येच बंद करू नका, आणि तेव्हा वाळलेल्या गवतात उभं राहू नका.

पहिली सर्व्हिस बहुतेक पन्नास तासांच्या आसपास असते. तेव्हा वहीतल्या तक्रारी वेगळ्या कागदावर काढून द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. मिटलेली तक्रारही लिहा, कारण वॉरंटी संपल्यावर तोच बिघाड परत आला तर तो आधीपासूनचा आहे हे दाखवणारा तेवढाच कागद तुमच्या हातात असतो. हंगाम नसताना महिन्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. कॉम्प्रेसरच्या सीलला तेल लागतं ते तो फिरला तरच, आणि थंडीत न वापरलेला एसी उन्हाळ्याच्या पहिल्याच दिवशी गळका निघतो.